कोरा रकाना पुसण्याआधी

बाय, गावातल्या कामधंद्यांच्या पाहणीच्या प्रकल्पातले कोरे नि अर्धवट फॉर्म बाजूला काढून उरलेल्यांचीच टक्केवारी काढणार म्हणालीस, म्हणून हे लिहितेय. जरा थांब गो.

रकाना योगायोगानेच कोरा राहिला, असं तू धरून चालली आहेस. पण बघ: २०११ च्या जनगणनेत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, राज्यात ९२९. कितीतरी पुरुष मुंबईला, काही घरांना तर गणपती-शिमग्याशिवाय कुलूपच. बंद घरं वगळलीस की मुंबईच्या पैशावर चालणारी घरंच नेमकी गळतात. आणि कामाचा रकाना कोरा सोडून ‘घरीच असते’ म्हणणारी बाई हंगामात आंब्याच्या बागेत नाहीतर काजूच्या कारखान्यात राबत असेल.

संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये हाच प्रश्न नीट मांडला: माहिती का गळली? कोऱ्या फॉर्मांचं प्रमाण वाडीवाडीत, बायका-पुरुषांत वेगळं आहे का, हे काय-स्क्वेअर चाचणीने बघ. फरक दिसला तर ‘योगायोग’ संपला. नाही दिसला, तरी निर्धास्त होऊ नकोस. लपलेलं उत्तरच लपण्याचं कारण असेल, तर ते हातातल्या फॉर्मांवरून कळत नाही.

मोघम उत्तरं मात्र कधी कधी स्वतःच बोलतात. समज, दोनच उत्तरं आली: ‘शेती किंवा मजुरी’ आणि ‘मजुरी किंवा मासेमारी’. मोघमपणाचा खऱ्या कामाशी संबंध नाही असं धर. शेतकरी पहिलंच उत्तर देणार, म्हणजे मजुरानेही नेहमी पहिलंच द्यायला हवं. मच्छीमार दुसरंच देणार, म्हणजे मजुरानेही नेहमी दुसरंच. दोन्ही एकदम कसं होईल? गावात एकही मजूर नसेल, नाहीतर सगळेच मजूर असतील, तरच. शेतकरी, मजूर, मच्छीमार तर तू रोज बघतेस. मग गृहीतकच चुकलं, आणि तेही कुणाचं खरं काम न कळता उघड झालं.

म्हणून एकच आकडा देऊ नकोस. सगळे मोघम मजूर धरले तर किती, एकही नाही धरला तर किती, ही दोन्ही टोकं लिही. गणपतीत कुलपं उघडली की त्यातल्या काही घरांत पुन्हा जा; न सापडलेल्यांतल्या थोड्यांना गाठून अंदाज सुधारण्याची ही रीत हॅन्सन आणि हर्विट्झ यांनी १९४६ मध्येच दाखवली आहे.

प्रकल्प आठवडाभर उशिरा दिलास तरी चालेल गो. पण दिवसभर राबणारी बाई तुझ्या तक्त्यात ‘काम नाही’ म्हणून जाऊ देऊ नकोस.