संगणकाचे शब्द : आपले आणि शेजारचे



आपण ग्वाल्हेरकर घरी मराठी आणि बाहेर हिंदी बोलतो. दोन्हींची लिपी देवनागरी आहे, म्हणून शब्दही सारखेच वाटतात. पण संगणकावर हा समज अडचणीत आणतो. प्रथम काही मूळ संज्ञा पाहू.

संगणक – दिलेल्या सूचनांप्रमाणे माहितीवर प्रक्रिया करणारे यंत्र.
हार्डवेअर – हाताला लागणारे भाग : पडदा, कळफलक, माउस इत्यादी.
सॉफ्टवेअर किंवा आज्ञावली – यंत्राने काय करावे हे सांगणाऱ्या सूचना.
बिट – ० किंवा १, माहितीचा सर्वांत लहान अंश. असे ८ बिट म्हणजे १ बाइट.
रॅम – कामापुरती स्मृती. वीज गेली की रिकामी होते. म्हणून केलेले काम डिस्कवर साठवावे लागते.

आता फसवे शब्द. हे नीट ध्यानात ठेवा.

जतन करा – मराठीत सांभाळून ठेवा, म्हणजेच 'सेव्ह'. हिंदीत जतन म्हणजे प्रयत्न. तिथे बटणावर 'सहेजें' असते.
शोध – मराठीत धुंडाळणे. हिंदीत शोध म्हणजे संशोधन. आणि हिंदी अर्जावर 'संशोधन' दिसले तर त्याचा अर्थ दुरुस्ती!
दुवा – मराठीत आशीर्वाद, तशीच साखळीची कडीही. एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारी कडी म्हणून 'लिंक'ला दुवा म्हणतात. हिंदीतली 'दुआ' म्हणजे प्रार्थना.
विदा – अलीकडच्या मराठी लेखनात 'डेटा'साठी वापरतात. हिंदीत विदा म्हणजे निरोप.
परवलीचा शब्द – पहारेकऱ्याला सांगायचा गुप्त शब्द, म्हणून 'पासवर्ड'. परवलच्या भाजीशी त्याचा संबंध नाही. तो कोणालाही सांगू नये.

हे भेद माणसाला कळतात, यंत्राला आपोआप कळत नाहीत. संगणक अक्षर ओळखतो ते क्रमांकाने. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे महत्त्वाचे काम आधी आयआयटी कानपूरमध्ये आणि १९८८ पासून पुण्याच्या सी-डॅकमध्ये झाले. १९९१ साली युनिकोड या जागतिक पद्धतीची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात देवनागरीसाठी १२८ क्रमांकांचा मुख्य गट आहे आणि तो हिंदी, मराठी, संस्कृत, नेपाळी या सर्वांना एकच आहे. त्यात ल चा क्रमांक ०९३२ आणि ळ चा ०९३३. दोघे शेजारी, पण वेगळे.

पालकांनी इथे विशेष लक्ष द्यावे. आपल्या भागात अर्ज भरताना पुष्कळदा ळ च्या जागी ल पडतो. काळे यांचे काले होतात, गोखले मात्र सुटतात! वाचणारा समजून घेतो. पण यादीत 'काळे' टाकून साधा शोध घेतला, तर 'काले' सापडत नाही, कारण यंत्राच्या लेखी ती दोन निराळी नावे आहेत. जन्मदाखल्यावर एक आणि अंकसूचीवर दुसरे असे झाले, की दुरुस्तीसाठी हेलपाटे मुलांनाच पडतात. इन्स्क्रिप्ट कळफलकावर इंग्रजी एन च्या कळीवर ल आहे, आणि शिफ्ट दाबून तीच कळ दाबली की ळ उमटतो. इतके सोपे आहे.

आपल्याच शहरात १९९७ साली माहिती तंत्रज्ञान व प्रबंधनाची राष्ट्रीय संस्था सुरू झाली. आज ती अटलबिहारी वाजपेयींच्या नावाने ओळखली जाते. आपली मुले तिथपर्यंत जावीत, इंग्रजी संज्ञाही उत्तम शिकावीत. हिंदी तर आपलीच आहे. परंतु पिढ्यान्‌पिढ्या घरात टिकलेला ळ यंत्रापुढे बसताच सोडून देण्याचे काही कारण नाही.

स्वाध्याय :
१) आपले पूर्ण नाव मराठीत टंकित करून जतन करा.
२) आजोबा-आजींचे नाव सर्व कागदपत्रांवर एकसारखे आहे का, ते पाहा.
३) मराठीत एक आणि हिंदीत दुसराच अर्थ असलेले आणखी पाच शब्द शोधा. अर्थात, मराठी अर्थाने शोधा!