रस्त्याचा आकडा वाचता येतो का?

पालमहून लोह्याला एस.टी.ने गेला असाल, तर तेथे भेटणारा मोठा रस्ता तुम्हांला ठाऊक असेल. तुळजापूर-लातूरकडून येऊन तो नांदेड, यवतमाळ, वर्धा करीत नागपूरजवळच्या बुटीबोरीला जातो. त्याचा क्रमांक ३६१. हा आकडा आला कोठून?

२०१० साली आपल्या राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक मिळाले. परभणीवरून जाणारा कल्याण-निर्मल मार्ग पूर्वी २२२ होता, तो ६१ झाला. नियम असा : पूर्व-पश्चिम जाणाऱ्या मुख्य मार्गांना विषम आकडे, आणि ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जातात. नकाशा उघडून पडताळा. सुरत-धुळे-नागपूर मार्ग ५३, त्याच्या खाली आपला ६१, आणखी खाली पुणे-सोलापूर-हैदराबाद ६५. उत्तर-दक्षिण मार्गांना सम आकडे. ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढतात. म्हणून नागपूरचा ४४, तर कोकणातला ६६. शाखेच्या क्रमांकात मूळ आकड्याआधी एक अंक लागतो. ३६१ मधला ६१ आता ओळखलात ना?

रस्त्याकडेचे दगडही वाचावेत. पिवळा माथा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य महामार्गाचा. याचा उपयोग केवळ परीक्षेपुरता नाही. अपघात दिसला आणि तुम्ही १०८ क्रमांकावर फोन केलात, तर 'मोठ्या चिंचेजवळ' एवढ्यावरून रुग्णवाहिकेने कोठे यावे? महामार्गाचा क्रमांक, आणि जवळच्या दगडावरील गावाचे नाव व अंतर सांगा. एखाद्या पाटीवर जुना २२२ राहिला असेल, तर तो सांगू नका. दर पाचव्या किलोमीटरचा दगड इतरांहून मोठा असतो. खिडकीतून तो आधी शोधा.