कार्डाची पाठ बघून भाव करा

न्यू जर्सीत रविवारी कुठे ना कुठे कार्ड शो असतोच. कधी अग्निशमन दलाचा हॉल, कधी हायवेवरच्या हॉटेलातला बँक्वेट हॉल. चार-पाच डॉलर तिकीट, ओळीने मांडलेली टेबलं आणि त्यांवर खेळाडूंची अडीच बाय साडेतीन इंची पुठ्ठ्याची कार्डं. मी पुण्यात वाढलो. बेसबॉल कळायला लागला तो इथे येऊन, कार्डांच्या मागचे आकडे वाचत वाचत. त्यामुळे हे अनुभव मुख्यतः बेसबॉलचे आणि बेताच्या खिशाचे आहेत. टॉप्स कंपनीचं मिकी मँटलचं १९५२ सालचं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. त्या गावाला आपल्याला जायचं नाही. वीस डॉलरचा माल आठ डॉलरला कसा पदरात पडतो, एवढंच सांगतो.

१. जुनं दिसलं की हुरळू नका.
आपल्याकडे तीस-पस्तीस वर्षांची वस्तू म्हणजे जुनी. इथे नेमक्या त्याच काळातली कार्डं कवडीमोल आहेत. १९८० च्या दशकाचा उत्तरार्ध आणि १९९० च्या दशकाची पहिली काही वर्षं कंपन्यांनी कार्डं वारेमाप छापली, आणि लोकांनीही ‘पुढे सोनं होईल’ म्हणून ती खोकीच्या खोकी जपून ठेवली. सगळ्यांनीच जपल्यावर दुर्मीळ काय राहणार? लाकडी रंगाच्या काठाची १९८७ ची टॉप्स, लाल काठाची १९९० ची डॉनरस दिसली की पुढे चला. पोराला खेळायला हवी असतील तर गोष्ट वेगळी. ७९२ कार्डांचा अख्खा ८७ चा संच साध्या हॉटेलातल्या जेवणाच्या पैशांत मिळतो.

२. ज्याचं ज्यात लक्ष नाही, त्याच्याकडे ते शोधा.
सगळ्यात कामाचा धडा हाच. जुन्या बेसबॉलचा जाणता विक्रेता प्रत्येक कार्डाची कुंडली सांगतो, त्याच्याकडे स्वस्त काही सापडत नाही. त्याच्याशी गप्पा माराव्यात, शिकावं आणि पुढे जावं. स्वस्त माल असतो तो चकचकीत बास्केटबॉल कार्डं विकणाऱ्या पंचविशीतल्या पोराकडे. त्याने कुणाकडून तरी घरातला जुना साठा उक्ता उचललेला असतो. त्यातली त्याला हवी ती कार्डं शोकेसमध्ये गेली आणि उरलेली टेबलाखालच्या खोक्यात. ते खोकं मागून घ्यावं लागतं. ‘खाली काय आहे, बघू का?’ असं विचारलं की बहुतेक जण पायाने पुढे सरकवतात. सरकवतानाच भाव ठरतो, कारण त्याला ते परत गाडीत चढवायचं नसतं.

उलटही खरं आहे. जुन्या बेसबॉलवाल्या आजोबांच्या खोक्यात हॉकीची किंवा फुटबॉलची चांगली रुकी कार्डं, म्हणजे खेळाडूची पहिली कार्डं, डॉलर-डॉलरला पडलेली असतात.

३. पाठ बघा.
गिऱ्हाईक चेहरा बघतं. कार्डाचा क्रमांक मागे असतो आणि भावाची खरी मेख तिथे असते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टॉप्स आपली कार्डं एकदम न काढता हंगामभर टप्प्याटप्प्याने बाजारात आणायची. शेवटचा टप्पा यायचा तोवर उन्हाळा संपत आलेला, शाळा उघडलेल्या, पोरांना फुटबॉलचे वेध लागलेले. दुकानदार माल कमी मागवायचे. म्हणून त्या टप्प्यातल्या, कुणाला नावही आठवणार नाही अशा खेळाडूच्या कार्डालासुद्धा आज भाव येतो. १९६७ च्या संचात ५३४ पासून पुढचे, १९७२ च्या संचात ६५७ पासून पुढचे क्रमांक या वर्गातले. आकडे पाठ असले की काम सोपं होतं. खोक्यात सगळी अनोळखी नावं एका भावात टाकलेली असतात. तुम्ही फक्त उलटी करून चाळायची. शेजारचा माणूस मोठं नाव शोधत असतो, त्याला तुमचं काय चाललंय ते कळतही नाही.

१९५२ च्या संचाचा शेवटचा टप्पा तर इतका पडून राहिला, की टॉप्सचे साय बर्जर यांच्या सांगण्यानुसार १९६० मध्ये त्यांनी उरलेली खोकी बोटीवर घालून न्यू जर्सीजवळच्या समुद्रात बुडवली. मँटलचं ते कार्ड याच टप्प्यातलं.

४. काठ तिरका धरून बघा.
१९७१ च्या टॉप्सला काळे काठ आहेत. जरा घासलं की पांढरा पुठ्ठा डोकावतो, म्हणून कोरं कार्ड महाग. मग काही उद्योगी लोक तिथे काळा मार्कर फिरवतात. समोरून पत्ता लागत नाही. कार्ड आडवं धरून जाडीच्या बाजूने बघा. पुठ्ठ्याची कड फिकट दिसायला हवी. तिथे शाई मुरलेली असली, तर कार्ड हसून परत द्यायचं. भांडायचं नाही; विकणाऱ्यालाही माहीत नसेल.

खिशात एक छोटं भिंगही असू द्या. जुन्या अस्सल छपाईत नावाची काळी अक्षरं सलग शाईची असतात. स्कॅन करून काढलेल्या नकलेत तीच अक्षरं ठिपक्या-ठिपक्यांची होतात.

५. मागितलेला भाव आणि आलेला भाव.
ईबेवर कुणी दोनशे मागतो म्हणून ते दोनशेचं होत नाही. आधी विकल्या गेलेल्यांचे आकडे बघा. मात्र विक्रेत्याच्या तोंडासमोर फोन नाचवू नका. दोन पावलं बाजूला जा, बघा, या. शोमध्ये रोख देणाऱ्याने त्या भावापेक्षा दहा-वीस टक्के खाली मागण्यात कुणाला वावगं वाटत नाही. निम्म्याने मागाल, तर तो पुढचं बोलणंच बंद करेल. तुळशीबागेतली घासाघीस इथे चालत नाही. ‘राहू दे’ म्हणून चालू पडलात, तर मागून हाक येत नाही.

६. उक्तं घ्या.
एकेका कार्डाचा भाव करू नका. बाजूला गठ्ठा काढत जा आणि शेवटी विचारा, ‘या सगळ्यांचे किती?’ आठ-दहा कार्डं असतील तर तो मनातल्या मनात बेरीज करतो, खालचा पूर्ण आकडा सांगतो, आणि तुम्हाला खरं हवं असलेल्या गठ्ठ्यातल्या एका कार्डाकडे त्याचं लक्ष जात नाही. ते मधोमध ठेवायचं. वर ठेवू नका आणि तळाशीही नको.

दुसऱ्याचा सौदा चालू असताना मात्र मध्ये तोंड घालायचं नाही. मग कार्ड कितीही आवडलेलं असो.

७. खोकी सकाळी, शोकेस संध्याकाळी.
लोक म्हणतात, शेवटच्या तासाला जा. अर्धं खरं आहे. डॉलरची खोकी तोवर दहा जणांनी चाळलेली असतात. शोकेसमधली महागडी कार्डं मात्र ज्याची टेबलाच्या भाड्याएवढीही विक्री झालेली नाही, तो आवराआवर करताना नरमाईने देतो. जवळपास राहत असाल तर दोनदा जा. एडिसन-पिस्कॅटवेकडच्या आपल्या मंडळींना ते सहज जमतं.

८. प्लॅस्टिकच्या डबीतलं, म्हणजे पीएसएसारख्या कंपनीने तपासून १ ते १० गुण दिलेलं कार्ड असेल, तर डबीवरचा क्रमांक त्यांच्या साइटवर तपासा. एवढं पुरे.

९. सुरकुतलेला मोठा माणूस घ्या.
कोपरे गोल झालेले, मधोमध घडी पडलेली, मागे कुणी पेनाने नाव लिहिलेलं. गुंतवणूकवाले अशा कार्डाला हात लावत नाहीत. म्हणूनच पोर्तो रिकोचा रॉबर्टो क्लेमेंटे माझ्यासारख्याकडे येऊ शकतो. साठच्या दशकातल्या त्याच्या कार्डांवर टॉप्सने त्याला ‘बॉब’ करून टाकलंय. बरोबर ३००० हिट्स त्याच्या नावावर आहेत. निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं विमान कोसळून १९७२ च्या ३१ डिसेंबरला तो गेला. त्याची घडी पडलेली कार्डं पूर्वी खोक्यातसुद्धा दिसायची. हल्ली मागणी वाढली आहे, तेव्हा वीस-तीस डॉलर वेगळे काढून ठेवा आणि दहाच्या नोटा न्या. पन्नासची नोट पुढे केलीत तर सुट्ट्यांचं निमित्त सांगून विक्रेता भाव सोडत नाही.