वरकसावरच्या नागलीचा हिशेब

डहाणू-तलासरीच्या पावसात ज्वारीचा निभाव लागत नाही. दाणा भरताना कणीस भिजले की काळे पडते, आणि इथला पाऊस निघता निघत नाही. त्यामुळे सोलापूर-मंगळवेढ्याच्या कोरडवाहू घरात ज्वारीला जे स्थान, ते वेवजीसारख्या गावात नागलीला आहे. खाचरात भात, आणि चढावरच्या वरकस जमिनीत आधी नागली, पुढच्या वर्षी वरी, मग खुरासणी आणि त्यानंतर काही वर्षे पड, असा जुना फेरा. पड ठेवण्याइतकी जमीन आता थोड्याच कुटुंबांकडे आहे. फेरा आखडला तसा उताराही घटला.

ज्वारी आणि नागली यांची गणिते मात्र सारखी नाहीत. मालदांडी ज्वारी पेरणारा धान्याबरोबर कडब्याचाही हिशेब धरतो. दुष्काळी वर्षात तर कडबाच पीक तारून नेतो. डहाणूकडचा मुलूख गवताचा. मुंबईच्या तबेल्यांना इथून गवत जात असे आणि ते कापण्याच्या मजुरीवरूनच १९४५ साली वारल्यांचा संप पेटला. ५०० पौंड गवताला अडीच रुपये ही तेव्हाची मागणी होती. जिथे माळावर गवत उभे आहे तिथे नागलीच्या काडाला गिऱ्हाईक कुठून येणार? काड घरच्या बैलांपुरते. म्हणजे नागलीचा सगळा भार दाण्यावर पडतो.

दाण्याचा सरकारी भाव वाईट नाही. २०२५-२६ साठी नागलीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये आहे. संकरित ज्वारीचा ३,६९९, मालदांडीचा ३,७४९ आणि साध्या भाताचा २,३६९. नागलीचा उत्पादनखर्च त्यात ३,२५७ रुपये धरला आहे. या खर्चात घरच्या माणसांच्या कष्टाचे मोल येते, स्वतःच्या जमिनीचा खंड येत नाही. शिवाय ही देशभराची सरासरी आहे. चढावरच्या जमिनीला ती लागू पडेलच असे नाही, आणि कागदावरचा नफा पाहून नागलीचे क्षेत्र वाढवणाऱ्याने इथेच थांबून स्वतःचा हिशेब मांडावा.

नमुन्यासाठी एक एकर घेऊ. राब भाजणे, रोप टाकणे, नांगरट, लावणी, बेणणी, कणसे खुडणे आणि झोडणी मिळून समजा ४५ माणूसदिवस लागले आणि उतारा चार क्विंटल आला. २०२५-२६ मध्ये रोजगार हमीची मजुरी ३१२ रुपये आहे; त्या दराने कष्टच १४,०४० रुपयांचे होतात, क्विंटलमागे ३,५१०. हमीभाव मिळाला तर १९,५४४ रुपये हाती येतात. दुकानदाराने किलोला तीसच रुपये दिले तर बारा हजार, म्हणजे मजुरीसुद्धा सुटत नाही.

पण प्रत्येकाचा दिवस ३१२ रुपयांचा धरणेही बरोबर नाही. वेवजीला उंबरगावची जीआयडीसी जवळ आहे. जो तरुण तिथे कामाला जातो त्याने लावणीसाठी खाडा केला, तर त्या दिवसाची किंमत त्याच्या कारखान्यातल्या रोजाइतकी. घरातल्या म्हातारीला बाहेर कोणी काम देत नाही, तिचा दिवस हिशेबात जवळजवळ फुकट पडतो (तिची पाठ तसे म्हणणार नाही). दोघांचे दिवस एकाच दराने मांडले की नागली कधी फार तोट्याची दिसते, कधी फार फायद्याची. ज्या घरात कमावते हात बाहेर गुंतलेले आहेत तिथे वरकसाचा छोटा तुकडाच लावणे परवडते.

दुसरी गफलत भावाची आहे. लहान शेतकऱ्याच्या नागलीला दोन भाव असतात, विकण्याचा आणि विकत घेण्याचा. झोडणी झाली की हात मोकळे नसतात. उधारी, लग्न, दवाखाना समोर उभे असते आणि पोती दुकानात जातात. प्रस्तुत लेखकाच्या घरचा अनुभव असा की तीच नागली आषाढात किलो-किलोने परत आणताना चढा दर मोजावा लागतो. वरच्या नमुन्यात विकत घेण्याचा दर किलोला ४५ रुपये धरला तर चार क्विंटल १८,००० रुपयांचे होतात. तेव्हा घरात खाल्ली जाणारी नागली विक्रीच्या नव्हे, खरेदीच्या भावाने मोजावी. रेशनवर तांदूळ-गहू मिळत असल्याने आधी पोटापुरते बाजूला काढण्याची सवय मोडत चालली आहे; भाकरी आणि आंबील मात्र रेशनच्या धान्यातून येत नाही.

पावसाळ्यातली ही तूट नवी नव्हे. सावकाराची खावटी तिच्यावरच पोसली होती: पावसात धान्य उचलायचे आणि पीक आल्यावर दीडपट-दुपटीने फेडायचे. पुढे सरकारी खावटी कर्जाची सोय झाली. तरी घरातले धान्य घरात ठेवणे हे कोणत्याही कर्जापेक्षा स्वस्त, आणि नागली त्यासाठी सोयीची आहे. दाणा बारीक असल्याने कीड सहसा लागत नाही; नीट वाळवून कणगीत भरली तर काही वर्षे टिकते.

जास्तीची नागली हमीभावाने विकायची असेल तर तयारी पावसाळ्यातच करावी लागते. सरकारी खरेदी केंद्रावर सातबारा आणि त्यावर पिकाची नोंद मागतात. ही नोंद २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या मोबाईल ॲपवर होते, तीही ठरलेल्या मुदतीत. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेल्या पट्ट्यावर नागली असेल तर ती नोंद कशी घालायची हे तलाठ्याकडे आधीच विचारून ठेवावे. आपल्या भागात नागलीचे खरेदी केंद्र उघडणार आहे का, याची खात्री पेरणीपूर्वी करावी. केंद्र नसेल तर ४,८८६ हा आकडा हिशेबातून काढून टाकावा आणि बाजारातला मार्गशीर्षातला भाव धरूनच किती गुंठे लावायचे ते ठरवावे. बियाण्यापुरती निवडक कणसे झोडणीआधी वेगळी काढावीत. ती विक्रीच्या पोत्यात मिसळली की पुढच्या वर्षी बी विकत घ्यावे लागते.