सौर पॅनेल बसवताना जिवाला जपा

पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना २०२४ साली सुरू झाली आणि घरोघरच्या छपरांवर सौर पॅनेल दिसू लागली. विजेचे बिल कमी होते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण पॅनेल वर चढवणाऱ्या कामगाराच्या जिवाला तीन धोके असतात, ते घरमालकानेही समजून घ्यावेत.

पहिला धोका पडण्याचा. सिमेंटचा पत्रा भक्कम दिसतो, पण पाय पडताच फुटू शकतो. अशाच पत्र्यातून खाली पडलेला एक तरुण कारागीर माझ्या दवाखान्यात आणला होता. चौघांनी हातपाय धरून त्याला रिक्षात घातले होते. त्याच्या पाठीचा मणका मोडला होता. अशा रुग्णाला वाकवून उचलले तर मज्जारज्जूला इजा होऊन पाय कायमचे लुळे पडू शकतात. म्हणून पडलेल्याला हलवू नये, मान स्थिर धरावी आणि १०८ला फोन करावा. मुळात पडूच नये यासाठी पत्र्यावर आडव्या फळ्या टाकाव्यात, शिडी वर बांधून घ्यावी, डोक्याला हेल्मेट आणि अंगात सेफ्टी बेल्ट असावा. बेल्टचा दोर भक्कम खांबाला किंवा तुळईला बांधावा, टाकीच्या पाइपाला नव्हे.

दुसरा धोका विजेचा. घरातला मेन स्विच बंद केला तरी ऊन आहे तोवर पॅनेल वीज तयार करतच राहते. अनेक पॅनेल एकापुढे एक जोडली की दाब काही शे व्होल्टपर्यंत जातो. चालू जोडणी ओढून काढल्यास मोठी ठिणगी पडून हात भाजतात. म्हणून हे काम प्रशिक्षित माणसानेच करावे. अंगठी, कडे काढून ठेवावे व विजेच्या कामाचे रबरी हातमोजे घालावेत. धक्का बसलेल्याला उघड्या हाताने ओढू नका, कोरड्या लाकडाने दूर करा. तो शुद्धीवर नसेल आणि श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब देत राहा. माणूस उठून बसला तरी त्याचा ईसीजी काढून घ्यावाच.

तिसरा धोका उन्हाचा. उन्हाळ्यात काम सकाळी लवकर सुरू करून दुपारी थांबवावे. तहान नसली तरी दर वीस मिनिटांनी पाणी प्यावे. अंग तापून माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत आणून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि रुग्णालयात न्यावे. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नये आणि बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये.

वाचकहो, कामाचा दर ठरवताना ठेकेदाराला एवढे जरूर विचारा : माणसांना बेल्ट आहेत का? त्यांचा विमा आहे का? उत्तर नाही असेल, तर काम दोन दिवस उशिरा झाले तरी चालेल, पण तसेच कोणाला छपरावर चढू देऊ नका.