तळमजल्यावरच्या दोन प्रती

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा आमच्या घरच्या पंधरा वर्षांच्या फोटोंच्या माझ्याकडे दोन प्रती होत्या. एक लॅपटॉपवर, दुसरी एक टीबीच्या हार्ड डिस्कवर. दोन प्रती आहेत म्हणून मी निर्धास्त होते. पण दोन्ही एकाच कपाटात, एकाच खणात होत्या आणि ते कपाट तळमजल्यावर होतं.

२००५ च्या पुरात आमच्याकडे पाणी गुडघ्याएवढं आलं होतं. तोच हिशोब डोक्यात धरून आई आणि मी तांदळाची पिंपं, गाद्या, घराची कागदपत्रं माळ्यावर चढवत राहिलो. कपाटाकडे हात गेला नाही. गेला असता तर दोन मिनिटांचं काम होतं. पाणी या वेळी छताला टेकायचं बाकी राहिलं.

तिसऱ्या दिवशी कपाटाचं दार उघडलं तर आतून चिखल बाहेर आला. बॅगेसकट कॅमेरा, त्याची १८-५५ ची लेन्स, मोठ्या हौसेने घेतलेली ५० एमएमची लेन्स, लॅपटॉप, डिस्क, आणि खाली आईच्या लग्नाआधीपासूनचे तीन अल्बम. कॅमेऱ्याचं मला फार वाटलं नाही, तो पुन्हा घेता येतो. बाकीच्या गोष्टींत मी त्या आठवड्यात जे केलं, ते इतर कुणी करू नये म्हणून सविस्तर सांगते.

डिस्क मी पुसली, दोन दिवस जुन्या वर्तमानपत्रावर ठेवली, नंतर तांदळाच्या डब्यात पुरली. वीज आल्यावर पहिल्याच दिवशी भावाच्या लॅपटॉपला जोडली. टक्-टक् असा आवाज आला, थांबला, परत आला. मी तीनदा काढून तीनदा जोडली. पुण्यात डेटा काढून देणाऱ्याकडे नेली तेव्हा त्याने झाकण उघडून मला आत दाखवलं. आरशासारख्या तबकडीवर गोल चरा उमटला होता. हार्ड डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला हजारो फेरे फिरते आणि वाचणारी सुई तिच्यापासून केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावर तरंगते. मध्ये वाळलेल्या चिखलाचा एक कण पुरतो. “बाई, ओलीच आणली असतीत तर बरंच काही निघालं असतं,” तो म्हणाला. पाण्यात गेलेली डिस्क सुकवू नका, तांदळात पुरू नका आणि चालते का हे बघायलासुद्धा जोडू नका. ओल्या फडक्यात गुंडाळा, झिपच्या पिशवीत बंद करा आणि तशीच जाणकाराकडे पोचवा. मेमरी कार्ड मात्र पुष्कळदा वाचतं, कारण त्यात फिरणारं काही नसतं. ते स्वच्छ पाण्याने हलकं धुवायचं, पूर्ण वाळू द्यायचं आणि मगच रीडरमध्ये घालायचं.

अल्बमच्या बाबतीतही चूक त्याच दिशेने झाली. तेही मी ओलेच ठेवायला हवे होते. मी ते मिटलेलेच गॅलरीत उभे करून ठेवले, आपोआप सुकतील म्हणून. लॅबमधून येणाऱ्या कागदी फोटोवर जिलेटिनचा थर असतो. तो भिजला की फुगतो, चिकट होतो, आणि समोरच्या फोटोला टेकून वाळला की दोन्ही फोटो एकमेकांचे होऊन जातात. आठ दिवसांनी त्यांतल्या दोन अल्बमची वीट झाली होती. एक पान उचललं तर आईच्या चेहऱ्यावरचा रंग मावशीच्या साडीबरोबर निघून आला.

तिसरा अल्बम शेजारच्या घरातल्या एका मुलाने वाचवला. तो माझा जुना विद्यार्थी, फोटोग्राफीच्या धंद्यातला. त्याने परातीत गार स्वच्छ पाणी घेतलं, पानं तशीच बुडवली आणि फोटो आपणहून सुटेपर्यंत थांबला. चिखल जाईपर्यंत पाणी बदलत राहिला, फोटोच्या तोंडाला बोट लावलं नाही. मग एकेक फोटो, तोंड वर करून, धुतलेल्या सुती धोतरावर मांडला. ऊन नको, इस्त्री नको, नुसती हवा. हे भिजल्यापासून दोन दिवसांच्या आत करायचं असतं. तेवढा वेळ नसेल तर ओले फोटो पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाकावेत, पुढे सवडीने सोडवता येतात. आमच्याकडे तेव्हा वीजच नव्हती, पण असेल त्याने हा उपाय लक्षात ठेवावा. घरच्या साध्या इंकजेट प्रिंटरवरच्या फोटोंना मात्र परातीत घालू नका, त्यांची शाई पाण्यात उतरते.

बाबा २०१९ मध्ये गेले. भिंतीवर त्यांचा मोठा फोटो होता, तोही पाण्यात गेला, आणि त्याची मूळ फाइल त्याच डिस्कवर. श्राद्धाच्या आधी नवा फोटो करायचा म्हणून मी सगळ्या नातेवाइकांना विचारलं. भाच्याच्या फोनमध्ये एक मिळाला. गणपतीत अंगणात चौघं उभे आहेत, बाबा उजवीकडून दुसरे, हसताहेत. तो मीच काढलेला होता, चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर, म्हणजे सहा हजार बाय चार हजार ठिपके. पण मी तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता, आणि व्हॉट्सअ‍ॅपने नेहमीप्रमाणे त्याची लांब बाजू १६०० ठिपक्यांवर आणून ठेवली होती. त्यातून एकटे बाबा कापून घेतले तर उरले ४०० बाय ६००.

लॅबवाल्याला मी १२ बाय १८ इंच सांगितलं. त्याने आधी विचारलं, “बाई, ओरिजिनल नाही का?” मग हिशोब करून दाखवला. हातात घेऊन बघायचा चांगला प्रिंट हवा तर इंचाला ३०० ठिपके, भिंतीवर लांबून बघायचा तर दीडशे-दोनशेही चालतात. आमच्या फोटोत १८ इंचांना ६०० ठिपके, म्हणजे इंचाला तेहतीस. तरीही मी हट्ट धरला. त्याने सॉफ्टवेअरने फोटो मोठा केला, डाग घालवले, कडा धारदार केल्या. प्रिंट आला तो एका गुळगुळीत, अनोळखी माणसाचा. बाबांच्या डाव्या भुवईवर लहानपणी विहिरीच्या कठड्यावर आपटल्याची खूण होती, ती डाग समजून पुसली गेली होती. आईने बघितलं आणि काही न बोलता आत गेली.

शेवटी त्यानेच मार्ग सुचवला. फोटो ४ बाय ६ च ठेवायचा, काहीही दुरुस्ती न करता, आणि भोवती रुंद पांढरा माउंट देऊन मोठी फ्रेम करायची. इंचाला शंभरच ठिपके, पण तीन-चार फुटांवरून डोळ्याला ते कळत नाहीत. भुवईवरची खूण जागेवर आहे. फाइल लहान असेल तर कागद लहान करा, माणूस ताणू नका. आणि लॅबला फोटो देताना ‘करेक्शन नको’ हे पाकिटावर लिहून द्या. पुष्कळ ठिकाणी मशीन स्वतःच्या मनाने फोटो उजळ करतं, चेहरा गोरा करतं, आणि आपल्याला ते घरी आल्यावर दिसतं.

तेव्हापासून घरात कुणालाही ठेवणीतला फोटो पाठवायचा असेल तर मी व्हॉट्सअ‍ॅपमध्ये तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडते. मग फाइल जशीच्या तशी जाते. लॅबला द्यायची तर पेन ड्राइव्ह किंवा ईमेल.

प्रिंटबद्दल आणखी दोनच गोष्टी, कारण या दोन्हींत मी पैसे घालवले आहेत. कॅमेऱ्याची चौकट सहसा तीनास दोन असते, बहुतेक फोनची चारास तीन, आणि ८ बाय १० चा कागद पाचास चार. चौकट भरून काढलेला फोटो ८ बाय १० वर छापला की कडा कापल्या जातात. आमच्या शाळेच्या एका ग्रुप फोटोत दोन्ही टोकांच्या मुली अशाच अर्ध्या झाल्या. ग्रुप काढताना चारी बाजूंना मोकळी जागा सोडा, किंवा कॅमेऱ्याचा फोटो ४ बाय ६, ८ बाय १२, १२ बाय १८ अशाच मापांत करा. दुसरं म्हणजे प्रिंट काळपट येतात ही तक्रार. दोष बहुतेक वेळा लॅबचा नसतो. आपण फोटो अंधाऱ्या खोलीत, स्क्रीन पूर्ण उजेडावर ठेवून बघतो, आणि कागदाला तर स्वतःचा उजेड नसतो. स्क्रीन अर्ध्यावर आणा, शेजारी पांढरा कागद धरा, दोन्ही सारखे वाटले की मग फोटो सुधारा. रंगांची सेटिंग कॅमेऱ्यात एसआरजीबीच असू द्या. साध्या लॅब तीच धरून चालतात, दुसरी दिलीत तर रंग मळकट येतात.

कॅमेरा मी पुन्हा घेतला, जुनाच, वापरलेला. कुठला घ्यावा असं मला पालक विचारतात, तेव्हा मी सांगते की बजेटचे तीन भाग करा आणि एक भाग कॅमेऱ्याबाहेर ठेवा. त्यातून जास्तीचं कार्ड, जास्तीची बॅटरी आणि दोन डिस्क येतात. घरातली मुलं आणि म्हातारी माणसं टिपायला ५० एमएम १.८ ची लेन्स स्वस्त आणि पुरेशी. घरातल्या उजेडात मूल हलतंय तर शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागाच्या खाली नेऊ नका, आयएसओ वाढला तरी वाढू द्या. दाणेदार फोटो छापल्यावर गोड दिसतो, हललेला कधीच दिसत नाही.

आपल्या कोकणात लेन्सचा खरा शत्रू बुरशी. पावसाळ्यात चामड्याच्या किंवा कापडी बॅगेत, बंद कपाटात ठेवलेल्या लेन्सच्या काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे येतात आणि काच कोरतात. हवाबंद प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटा ठेवा, काटा चाळीस-पन्नास टक्क्यांत असला की झालं. जेल नारिंगी घ्या, ओल धरली की हिरवं होतं. निळं घेऊ नका, त्यातलं कोबाल्ट विषारी असतं आणि ते परत तापवायला आपण स्वयंपाकघरातच नेतो.

आता प्रतींचं. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने सांगितलेला तीन-दोन-एकचा नियम मी डोक्याने वाचला होता, हाताने पाळला नव्हता. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीत, त्यातली एक घराबाहेर. माझी एक प्रत लॅपटॉपवर, एक क्लाउडवर, आणि एक डिस्क नाशिकला मावसबहिणीकडे. तिचीही डिस्क माझ्याकडे असते, माळ्यावर, स्टीलच्या डब्यात. वर्षातून दोनदा आम्ही भेटतो तेव्हा डिस्क बदलतो. क्लाउडवर विसंबताना एक पाहा. फोन आणि क्लाउड जोडलेले असतील तर फोनमधून पुसलेला फोटो तिथूनही जातो, त्यामुळे तेवढ्यालाच प्रत म्हणू नका. आणि कार्ड दोन ठिकाणी उतरवून, फोटो उघडून पाहिल्याशिवाय फॉरमॅट करू नका. चुकून केलंत तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नका. फॉरमॅटने साधारणपणे यादी पुसली जाते, चित्रं खाली शाबूत असतात, फोटोरेक नावाच्या फुकट प्रोग्रामने ती बरीचशी परत मिळतात.

दरवर्षी दिवाळीच्या आधी मी त्या वर्षातले साठ फोटो निवडते आणि ४ बाय ६ चे दोन-दोन प्रिंट काढते. एक संच आमच्याकडे, एक नाशिकला. मागे मऊ पेन्सिलने नावं, गाव, साल. पेनने लिहू नका, शाई पुढे उमटते. नावं आई सांगते, मी लिहिते. मागच्या दिवाळीत परातीतून वाचलेले फोटोही तिने घेतले. एका फोटोवर चिखलाचा पिवळा पट्टा राहिला आहे, त्याच्या वर दोन मुली झोपाळ्यावर. तिने बराच वेळ फोटो हातात धरला, मग म्हणाली, “लिही, डावीकडची मी.”