चीनमधील सुगीचा सण : चुंग्-छिऊ

शेतकऱ्याचें वर्ष दोन मापांनीं मोजलें जातें. पेरणी, कोळपणी, कापणी हीं कामें सूर्याच्या गतीवर चालतात. सणवार बहुधा चंद्राच्या तिथीनें ठरतात. आपल्याकडील मृग, आर्द्रा इत्यादि पावसाचीं नक्षत्रें म्हणजे सूर्य त्या त्या नक्षत्रीं असण्याचा काळ होय, आणि पोळा, दिवाळी हे सण तिथीवर येतात, हें वाचकांस विदित आहेच. चीन देशांतील शेतकऱ्यांनींही या दोन मापांचा मेळ फार प्राचीन काळीं घातला. त्यांचा ‘चुंग्-छिऊ’ म्हणजे मध्य-शरद् हा सण त्या मेळाचें उत्तम उदाहरण आहे. आणि त्यांत शेतकऱ्यानें विचार करण्याजोगें आणखीही कांहीं आहे.

तिथीचा निर्णय.— चिनी पंचांगाच्या आठव्या महिन्याचा 15 वा दिवस, म्हणजे पौर्णिमा, हा या सणाचा दिवस. महिना अमावास्येपासून मोजतात. त्याच पंचांगांत सूर्याच्या वार्षिक मार्गाचे 24 भाग केलेले असून प्रत्येक भाग सुमारें 15 दिवसांचा असतो. ‘श्वेत दंव’, ‘शरद्-संपात’, ‘शीत दंव’ अशीं त्यांचीं नांवें ऋतुमानावरून पडलेलीं आहेत. ज्या चांद्रमासांत शरद्-संपात (23 सप्टेंबरच्या सुमारास) येतो, तो आठवा महिना. चंद्र व सूर्य यांचा मेळ राहावा म्हणून 19 वर्षांत 7 अधिक मास धरतात. त्यामुळें हा सण सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मागेंपुढें होतो, त्यापलीकडे जात नाहीं. सन 2024 सालीं तो 17 सप्टेंबरला, आपल्या भाद्रपदी पौर्णिमेस आला. 2025 सालीं 6 ऑक्टोबरला, म्हणजे नेमका कोजागरीस आला.

या सुमारास उत्तर चीनमध्यें राळा, ज्वारी व सोयाबीन यांची काढणी चालू असते, आणि रान मोकळें करून लगेच गहूं पेरावयाचा असतो. संपाताच्या आसपासची पेरणी पिवळ्या नदीच्या खोऱ्यांत उत्तम मानितात. ‘श्वेत दंवा’ची लवकरची व ‘शीत दंवा’ची उशिराची समजतात. दक्षिणेंत, जेथें भाताचीं दोन पिकें होतात तेथें, पहिलें भात घरांत आलेलें व दुसरें शेतांत उभें असतें. सारांश, हा सण भर सुगीच्या धांदलींत येतो.

उगम.— शरद् ऋतूंत सायंकाळीं राजानें चंद्राची पूजा करावी, असा विधि चीनच्या प्राचीन ग्रंथांत आढळतो. पेकिंग, म्हणजे हल्लींचें बीजिंग, येथें याच पूजेसाठीं 1530 सालीं चंद्रवेदी बांधण्यांत आली. हा झाला राजाचा विधि. रयतेचा उत्सव निराळा होता. शरद् ऋतु लागल्यावर सुमारें दीड महिन्यानें भूमिदेवतेस नवें धान्य व मद्य अर्पण करून गांवकरी एकत्र जेवीत. या दोन प्रवाहांचा संगम होऊन आजचा सण बनला, असें कित्येक अभ्यासकांचें मत आहे. थांग राजवटींत (618–907) पौर्णिमेचा चंद्र पाहण्याची हौस वाढली व सुंग राजवटींत (960–1279) हा सर्व लोकांचा सण झाला. कायफेंग या जुन्या राजधानीच्या आठवणींचें एक पुस्तक 1147 सालचें आहे. सणास नवें मद्य, डाळिंबें, बोरें व द्राक्षें बाजारांत येत, आणि लोक उंच माड्यांवर बसून चंद्र पाहत, असें वर्णन त्यांत आहे.

चाली.— अंगणांत चौरंग मांडून चंद्रोदयीं फळें, धूप व ‘युए-पिंग’ म्हणजे चंद्र-पोळ्या मांडतात. उत्तरेकडे ही पूजा स्त्रियांनीं करावयाची चाल होती. चंद्रावर छांग्-अ ही देवी राहते व तेथील ससा औषध कुटतो, अशी कथा आहे. म्हणून पेकिंगमध्यें मातीचा ससा पुजीत व त्यापुढें सोयाबीनच्या हिरव्या शेंगांची डहाळी ठेवीत. दक्षिणेंत अळकुड्या उकडून ठेवतात. चंद्र-पोळींत कमळाच्या बिया, बोरें किंवा तांबडें कडधान्य यांचें गोड पुरण भरतात. ती घरांतील माणसें मोजून कापतात व परगांवीं गेलेल्याचाही वाटा बाजूस ठेवतात. मोंगल सत्तेविरुद्धच्या बंडाचा निरोप या पोळ्यांतून पाठविला गेला, असें सांगतात. पण ती दंतकथाच समजावी, तत्कालीन लेखांत तिला आधार नाहीं.

हिशेबाचा दिवस.— जुन्या चीनमध्यें उधारीचे हिशेब वर्षांतून तीन वेळां चुकते करीत : पांचव्या महिन्याच्या 5 व्या दिवशीं, मध्य-शरदास व वर्षअखेरीस. त्यामुळें चंद्र-पोळीच्या आधीं दुकानदाराचा माणूस वही घेऊन दारीं येई. ज्याची रास खळ्यावर पडली, त्याला सण गोड लागे. ज्याचें पीक मागास राहिलें किंवा पुरानें गेलें, त्याला नवें कर्ज काढून जुनें फेडावें लागे. रास पडलेल्यांतही जो अडचणींत असे, त्याला सर्वांबरोबर भर सुगींत, भाव उतरलेले असतां, माल विकावा लागे. आणि पुढें वसंतांत तेंच धान्य चढ्या भावानें विकत आणावें लागे. पीक चांगलें येऊनही घर रिकामें राही, तें असें.

पुढें 1950 च्या भूमिसुधारणा कायद्यानें तेथील जमीनदारी गेली. 2008 सालापासून मध्य-शरदास सार्वजनिक सुटी मिळते. 2018 सालीं तेथील सरकारनें ‘शेतकऱ्यांचा सुगी-उत्सव’ म्हणून निराळा दिवस नेमला व तो शरद्-संपातावर, म्हणजे सूर्याच्या मापावर ठेविला. चंद्राचा सण चंद्राकडे राहिला आणि सुगीचा मान सूर्याकडे गेला.

या इतिहासांतून घेण्याजोगी गोष्ट एकच. सणाची तिथि चंद्र ठरवितो. पीक केव्हां तयार होईल हें ऊन व पाऊस ठरवितात. परंतु देण्याची मुदत माणूस ठरवितो. म्हणून कर्ज काढतेवेळींच फेडीचा दिवस खळ्याकडे पाहून लिहून घ्यावा, आणि माल घरांत येऊन भाव पाहण्यास कांहीं आठवडे मिळतील इतकी सवड त्यांत ठेवावी. ज्याला ही सवड मिळाली, त्यालाच पौर्णिमेचा चंद्र निवांतपणें पाहतां येतो.